पुढे पेढी, मागे घर : क्योटोचे माचिया

माचिया म्हणजे जपानी व्यापाऱ्याचे किंवा कारागिराचे शहरातले घर. रस्त्याला लागून दुकान, त्यामागे कुटुंबाचा संसार आणि सगळ्यात शेवटी मालाची कोठी, असे सारे एकाच लांबट जागेत बसवलेले असते. जपानच्या बहुतेक जुन्या पेठांत अशी घरे होती. मोठ्या शहरांपैकी ती सर्वाधिक टिकली क्योटोत. ७९४ मध्ये राजधानी म्हणून वसवलेल्या या शहरात रेशीम, रंगकाम, साके नावाचे तांदळाचे मद्य, औषधे, पंखे असे शेकडो धंदे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस टोकियो आणि ओसाका हवाई हल्ल्यांत बेचिराख झाले, क्योटो मात्र बव्हंशी वाचले. त्यामुळे दुरुस्त करून लोकांसाठी उघडलेली माचिया घरे पाहण्याची सोय तिथे चांगली आहे. देवळे आणि बागा उरकल्यावर हाताशी वेळ उरला तर प्रवासी या घरांकडे वळतात. खरे म्हणजे हा क्रम उलटा असायला हवा. हे शहर पोटापाण्यासाठी काय करत होते, हे देवळांत कळत नाही. ते या घरांत कळते.

शिजो स्थानकापासून चालत काही मिनिटांवर, आयानोकोजी नावाच्या रस्त्यावर सुगिमोतो घराण्याची वास्तू आहे. या घराण्याची ‘नाराया’ ही कापडपेढी १७४३ मध्ये सुरू झाली आणि १७६७ मध्ये आजच्या जागी आली. क्योटोत तयार झालेले किमोनोचे रेशमी कापड घ्यायचे आणि ते दूर पूर्वेकडे, आजच्या चिबा प्रांतातल्या साकुरा व सावारा या गावांतल्या आपल्या दुकानांत विकायचे, असा त्यांचा व्यापार. म्हणजे मुख्य पेढी राजधानीत आणि गिऱ्हाईक शेकडो किलोमीटर लांब. जुने घर १८६४ च्या आगीत गेले. आजचे घर १८७० मध्ये उभे राहिले. १९९२ मध्ये ते जपण्यासाठी एक प्रतिष्ठान स्थापन झाले आणि २०१० मध्ये सरकारने त्याला राष्ट्रीय पातळीवरच्या महत्त्वाच्या सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला. रस्त्याकडची बाजू जवळपास तीस मीटर रुंद असल्याने हे घर सर्वसाधारण माचियाहून कितीतरी मोठे आहे. तरी घराची सगळी अंगे इथे एकत्र पाहायला मिळतात.

सर्वसाधारण माचिया रस्त्यावरून जेमतेम पाच-सहा मीटर रुंद दिसतो आणि आत मात्र वीस मीटर, कधी त्याहून बराच अधिक खोल जातो. जपानी लोक अशा घराला गमतीने ‘वाम माशाचे अंथरूण’ म्हणतात. रुंदी इतकी कमी का, याचे एक उत्तर प्रत्येक मार्गदर्शकाच्या ओठांवर असते : कर दर्शनी रुंदीवर बसायचा, म्हणून लोकांनी घरे अरुंद केली. यात तथ्याचा अंश असेल, पण एवढ्यावर भागत नाही. व्यापाऱ्याला रस्ता हवा असतो. पेठेतला रस्ता मर्यादित आणि त्यावर तोंड करून बसू पाहणारे अनेक, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला पट्टीच येणार. शिवाय शहराची आखणीही कारणीभूत होती. मूळ राजधानी चौरस चौकटींत आखलेली होती. चारही बाजूंच्या रस्त्यांवर घरे झाली की चौरसाचा मधला भाग पडीक राही. १५९० च्या सुमारास तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाने अनेक चौरसांच्या मधून दक्षिणोत्तर नवे रस्ते काढले. चौरसांचे लांबट आयत झाले, पडीक जमीन वापरात आली आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना लांब-अरुंद घरांच्या रांगा लागल्या. समोरासमोरच्या या दोन रांगा मिळून एक आळी बने. आळीचे आपले लेखी नियम असत. घराचे तोंड कसे असावे, कोणाला घर विकावे, लोहारासारखा आगीचा आणि आवाजाचा धंदा इथे चालेल की नाही, हे सारे आळी ठरवी.

घराचा दर्शनी भाग म्हणजे एक प्रकारची पाटीच असते. खालच्या मजल्यावर उभ्या लाकडी गजांची जाळी दिसते, तिला ‘कोशी’ म्हणतात. दिवसा बाहेर उजेड आणि आत अंधार असल्याने पेढीवर बसलेल्याला रस्ता स्पष्ट दिसतो, रस्त्यावरच्याला आतले काही दिसत नाही. पण या जाळीचे खरे वैशिष्ट्य असे की ती धंद्यानुसार बदलते. तांदूळवाल्याची आणि साकेवाल्याची जाळी जाडजूड गजांची असते, कारण तिच्यावर पोती आणि पिंपे आदळणार. कोळसेवाल्याच्या जाळीत फटी अगदी कमी असतात, म्हणजे कोळशाची भुकटी बाहेर उडत नाही. सूत आणि कापडाच्या व्यापाऱ्याला उजेड लागतो, कारण उजेडाशिवाय रंग पारखता येत नाही. म्हणून त्याच्या जाळीत पूर्ण उंचीच्या दोन गजांमध्ये काही गज वरून कापून आखूड केलेले असतात आणि तेवढ्या जागेतून उजेड आत येतो. हे आखूड गजही ठरलेले असतात. चार असले तर विणकर, तीन असले तर सूत-दोऱ्याचा व्यापारी, दोन असले तर किमोनोचे कापड विकणारा. ज्याला हे माहीत आहे त्याला दारावरचे नाव वाचावे लागत नाही. पुष्कळ जाळ्यांना तांबूस रंग दिलेला असतो. तो लोहाच्या गंजाच्या भुकटीचा रंग, जपानीत ‘बेंगारा’. ज्या बंगालकडून तो व्यापारातून पोहोचला त्याचेच नाव त्याला चिकटले आहे. हा रंग लाकूड किडीपासून आणि कुजण्यापासून वाचवतो.

जाळीच्या पायाशी बांबूच्या कांबींची वाकवलेली कमान टेकवून ठेवलेली दिसते. पागोळ्यांचे शिंतोडे, चिखल आणि कुत्री यांच्यापासून ती भिंत राखते. काही घरांच्या पुढे भिंतीलगत मिटवता येणारे बाकडे असते. दिवसा ते उघडून त्यावर माल मांडायचा, संध्याकाळी त्यावर बसून शेजाऱ्याशी गप्पा मारायच्या, रात्री मिटून ठेवायचे. दारावर पेढीच्या चिन्हाचा कापडी पडदा, म्हणजे ‘नोरेन’. वर पाहिले तर पागोळीच्या कौलांवर वीतभर उंचीचा एक दाढीवाला, रागीट चेहऱ्याचा मातीचा पुतळा उभा असतो. हा शोकी, भुतेखेते आणि रोगराई हाकलणारा. ही मूर्ती क्योटोच्या गल्ल्यांत इतक्या घरांवर आहे की ती शोधत फिरणारे हौशी लोकही भेटतात.

वरच्या मजल्याकडे पाहून घराचे वय ओळखता येते. तो बसका असेल आणि त्याला मातीच्या जाड उभ्या पट्ट्यांची खिडकी असेल, तर घर साधारणपणे जुन्या पद्धतीचे, एदो काळातले किंवा त्यानंतरच्या मेइजी काळाच्या पूर्वार्धातले. या खिडकीचे नाव कीटकांच्या पिंजऱ्यावरून पडले आहे. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात, व्यापाऱ्याने रस्त्यावरून जाणाऱ्या सामुराईकडे वरून पाहणे हा उद्धटपणा मानला जाई. म्हणून वरचा मजला ठेंगणा ठेवायचा आणि त्याचा वापर मालासाठी किंवा नोकरांच्या निजण्यासाठी करायचा. खिडकीच्या मातीच्या पट्ट्यांचा आणखी एक फायदा होता : समोरच्या घराला आग लागली तरी त्या लाकडाप्रमाणे पेट घेत नसत. जुनी बंधने सुटल्यावर वरचे मजले हळूहळू उंच झाले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या घरांना पूर्ण उंचीचा मजला आणि काचेच्या खिडक्या दिसतात.

दाराचीही एक सोय पाहण्याजोगी आहे. मोठ्या दाराच्या फळीतच एक लहान दार असते, आपल्या दिंडी दरवाजासारखे. मोठे दार मालासाठी, लहान दार रोजच्या ये-जा करणाऱ्यांसाठी आणि रात्रीसाठी.

आत शिरले की पायाखाली माती लागते. ही लाकडी जमिनीची खोली नव्हे, तर घराच्या एका बाजूने पुढून मागपर्यंत गेलेली मातीची बोळ आहे. तिला ‘तोरीनिवा’ म्हणतात. तिच्यात जोडे काढत नाहीत. तिच्या दुसऱ्या बाजूला, गुडघाभर उंचीवर, एकामागून एक खोल्या असतात. माल आणणारा हमाल, पाणी वाहणारी मोलकरीण, भाजीवाला, सगळे या बोळीतून जातात आणि वरच्या खोल्यांना कोणाचा स्पर्श होत नाही. अनोळखी गिऱ्हाईक पुढच्या भागातच थांबते. ओळखीचा माणूस पुढचा पडदा ओलांडतो. त्यापलीकडे घरच्यांचा आणि नोकरांचा वावर. कोणी कुठवर यायचे हे सांगण्यासाठी पाटी लागत नाही, पडदे आणि पायऱ्या ते काम करतात.

बोळीच्या मधल्या भागात स्वयंपाक. पूर्ण माचियात पाहण्यासारखी जागा कोणती असे विचारले तर बहुतेक जण तोकोनोमा, म्हणजे चित्राची गुंडाळी आणि फुले मांडायचा दिवाणखान्यातला कोनाडा दाखवतील. त्यापेक्षा इथे थांबावे. चुलींची एक रांग असते, मातीची, वरून गुळगुळीत घोटलेली. क्योटोत या चुलीला आदरार्थी ‘ओकुदोसान’ म्हणतात. शेजारी दगडी किंवा लाकडी मोरी आणि आड. मान वर केली की छत नाहीच. चुलीवरची जागा थेट छपरापर्यंत मोकळी सोडलेली, आणि तिथे जाड तुळया आणि आडव्या पट्ट्या एकमेकींत गुंफलेल्या दिसतात, पिढ्यांच्या धुराने काळ्या पडलेल्या. धूर आणि आच वर जाऊन छपरातल्या झरोक्यातून बाहेर पडावी, ठिणगी उडालीच तर ती जवळच्या छताला लागू नये, आणि खिडकी नसलेल्या या भागात वरून उजेड यावा, या तिन्ही गोष्टी एका पोकळीने साधल्या आहेत. चुलीजवळ आतागो पर्वतावरच्या देवस्थानाची आगीपासून जपण्याचा इशारा देणारी चिठ्ठी चिकटवलेली असते. वर फळीवर होतेई या ढेरपोट्या देवाच्या मातीच्या मूर्ती, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडलेल्या.

ही चिठ्ठी म्हणजे नुसता भाविकपणा नव्हे. १७०८ आणि १७८८ मध्ये क्योटोचा मोठा भाग जळाला. १८६४ मध्ये राजवाड्याच्या दरवाजाजवळ सैन्यांची चकमक झाली, तिच्यातून पेटलेल्या आगीत २७ हजारांहून जास्त घरे गेली. म्हणून मध्य शहरातल्या बहुतेक ‘जुन्या’ माचिया घरांचे वय दीडशे वर्षांच्या आत-बाहेर भरते. शहराला बाराशे वर्षे झाली, घरांना नाही.

खोल्यांचा क्रम साधा आहे. पुढे पेढी, मग मधली खोली, मग जेवणाखाण्याचे माजघर आणि सगळ्यात आत पाहुण्यांचा दिवाणखाना. पुढच्या पेढीची इमारत आणि मागचे राहते घर वेगवेगळे बांधून मध्ये लहान इमारतीने जोडायचे, ही श्रीमंत व्यापाऱ्यांची पद्धत. सुगिमोतो घर तसेच आहे. पेढीत मालकाशिवाय थोरला कारभारी, हाताखालचे कारकून आणि दहा-बारा वर्षांची असताना कामाला लावलेली शिकाऊ पोरे असत. ही पोरे पेढीतच जेवत आणि तिथेच निजत. पगाराची गोष्ट पुष्कळ वर्षांनी येई. मालकाच्या घरचे जेवणही चैनीचे नव्हते. सुगिमोतो घराण्यात १७९० पासून लिहिली गेलेली एक वही आहे. वर्षभरातल्या कोणत्या सणाला काय करायचे आणि कोणत्या दिवशी काय रांधायचे, हे तिच्यात नोंदवले आहे. पुढच्या पिढीने ते चुकवू नये म्हणून ती वही. काटकसरीचा व्यापारी कसा जगत होता ते तिच्यातून कळते, आणि दिवाणखान्याची शोभा पाहताना हे लक्षात ठेवणे बरे.

घराचे माप चटईवर चालते. जमिनीवर गवताच्या जाड ‘तातामी’ अंथरलेल्या असतात. क्योटोतली तातामी सुमारे १९१ सेंटिमीटर लांब आणि साडेपंचाण्णव सेंटिमीटर रुंद. टोकियोकडची याहून लहान. क्योटोच्या सुतारांनी आधी चटई धरली आणि खांबांमधले अंतर तिच्यावरून ठरवले. परिणाम असा की एका घरातल्या चटया, सरकती दारे आणि पडदे दुसऱ्या घरात जसेच्या तसे बसतात. ओसाकात तर भाड्याचे घर चटया-दारांशिवाय, नुसता सांगाडा म्हणून मिळे आणि भाडेकरू आपले सामान घेऊन येई.

क्योटो चारही बाजूंनी नाही तरी तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेले आहे. उन्हाळ्यात हवा कोंडते आणि दमट उकाडा होतो. त्यावर या घरांनी शोधलेला उपाय म्हणजे घराच्या पोटात सोडलेली लहानशी बाग. काही चटयांएवढी जागा, तिच्यात दगडी दिवा, पाण्याचे कुंड, शेवाळ, नेचे आणि सावलीत वाढणारी दोन-चार झाडे. मागे, कोठीच्या अलीकडे, दुसरी मोठी बाग. एक बाग सावलीत गार राहते, दुसरी किंवा बाहेरचा रस्ता उन्हाने तापतो, आणि तापलेली हवा वर चढली की गार हवा घरातून तिकडे सरकते. बोळीत आणि बागेत पाणी शिंपडले की हा खेळ आणखी जोर धरतो. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याला चिकटलेल्या असताना आत वारा खेळवणे सोपे नाही. जूनमध्ये घर कपडे बदलल्यासारखे बदलते. कागदी आणि जाड सरकती दारे काढून कोठीत जातात, त्यांच्या जागी बोरूच्या कांड्यांची विरळ दारे येतात, दारांपुढे बांबूचे पडदे लटकतात, चटईवर वेताची गार चटई पसरतात. सप्टेंबरअखेर पुन्हा उलट. हिवाळ्यात मात्र या घराची सारी हुशारी अंगलट येते. मातीची बोळ छपरापर्यंत उघडी, भिंती पातळ, दारे कागदाची. थंडी थेट हाडांत शिरते. जुन्या घरात राहणारी माणसे ते सोडून सदनिकेत का गेली, याचे एक प्रामाणिक उत्तर जानेवारीत या बोळीत उभे राहिल्यावर मिळते.

सगळ्यात मागे कोठी, जपानीत ‘कुरा’. घर लाकडाचे आणि कोठी मातीची. भिंत चांगली फूटभर जाड, वरून पांढरा चुना. दारे तिजोरीसारखी पायरीपायरीने एकात एक बसणारी. आगीची वर्दी आली की दार लावून फटी ओल्या मातीने लिंपायच्या आणि घर सोडून पळायचे. घर पुन्हा बांधता येते, माल आणि कागदपत्रे गेली की पेढी बसते, असा हिशेब त्यामागे आहे. ऋतूनुसार लागणारी भांडी, किमोनो, चित्रांच्या गुंडाळ्या हे सगळे तिथेच राहते. म्हणून खुल्या घरात दिवाणखाना जवळजवळ रिकामा दिसतो. सामान नाही असे नव्हे. ते कोठीत आहे.

ते बाहेर येते जुलैमध्ये. गिओन उत्सवात क्योटोच्या व्यापारी आळ्या आपापले सजवलेले रथ काढतात. मुख्य मिरवणुका १७ आणि २४ जुलैला निघतात. आधीच्या संध्याकाळी काही घरे रस्त्याकडची जाळी काढून पुढच्या खोल्या उघडतात आणि घरातले रंगवलेले पडदे-पट लोकांना पाहू देतात. सुगिमोतो घराच्या पेढीत आळीच्या ‘हाकुगा’ रथाचे साहित्य मांडतात. आपल्या वादनाची खरी कदर असलेला मित्र वारला म्हणून वाद्य फोडणाऱ्या हाकुगा या प्राचीन चिनी वादकाची मूर्ती या रथावर असते. या रथांना लपेटलेली वस्त्रे हा स्वतंत्र विषय आहे. त्यांत युरोपातले विणलेले पट आहेत, चिनी भरतकाम आहे आणि सतराव्या-अठराव्या शतकांतले भारतीय गालिचेही आहेत. अभ्यासकांनी त्यांपैकी काही दख्खनमध्ये विणलेले असल्याचे ओळखले आहे. जपानचे दरवाजे जवळजवळ बंद होते तेव्हा नागासाकीतल्या डच व्यापाऱ्यांमार्फत असा माल आत येई आणि तो विकत घेण्याची ऐपत याच अरुंद घरांतल्या कापडवाल्यांकडे होती. दख्खनमध्येसुद्धा त्या काळचे गालिचे फार थोडे उरले. क्योटोत ते टिकले, कारण वर्षातले मोजके दिवस बाहेर काढायचे आणि बाकी काळ कोठीत ठेवायचे हा शिरस्ता कोणी मोडला नाही.

ही घरे दुरुस्त कशी होतात, हे समजण्यासाठी ती बांधली कशी आहेत हे पाहावे लागते. खांब जमिनीत गाडलेले नसतात. ते तळखड्यावर नुसते उभे असतात. खांबांना भोके पाडून त्यांतून आडव्या पट्ट्या ओवतात आणि पाचरी ठोकून घट्ट करतात. मध्ये बांबूची वीण करून तिच्यावर माती आणि चिरलेला पेंढा यांचे लिंपण थरावर थर चढवतात, म्हणजे कुडाचीच भिंत, पण फार सफाईची. भूकंपात असे घर हलते, भिंतीची माती तडकते, थोडी गळते आणि त्यात धक्का जिरतो. पुन्हा लिंपले की झाले. खरा शत्रू ओल. मोरीजवळच्या आणि बागेकडच्या खांबांचे पाय कुजतात आणि शंभर वर्षांनी घर एका बाजूला कलते.

मग सुतार काय करतो? आधी युद्धानंतर दर्शनी भागावर ठोकलेले पत्रे आणि पाट्या काढतो. त्यांच्याखाली मूळ जाळीची खूण बहुधा सापडते. जॅक लावून घर इंच-इंच उचलतो, दोर आणि आधार लावून कललेला सांगाडा सरळ करतो. कुजलेल्या खांबाचा खालचा हात-दीड हात भाग कापून टाकतो आणि त्या जागी नव्या लाकडाचा तुकडा जोडतो. हा सांधा मोठा कसबी असतो. जुना आणि नवा, दोन्ही तुकडे एकमेकांत अडकतील अशा तिरक्या खाचांत कापतात, बाजूने सरकवून बसवतात आणि मधल्या चौकोनी भोकात एक पाचर ठोकतात. पाचर बसली की खिळ्याशिवाय दोन्ही तुकडे ओढले जाऊन एकजीव होतात. दुरुस्त माचियात खांबांच्या पायाशी वाकून पाहिले तर हा सांधा दिसतो : वर काळे लाकूड, खाली पिवळसर, मध्ये नागमोडी रेघ. भिंतीची पडलेली मातीही फेकत नाहीत. ती चाळून, नवा पेंढा आणि पाणी घालून मुरवतात आणि पुन्हा लावतात. चांगली दुरुस्ती ओळखायची ती इथे. नुसती पुढची जाळी नवी करून आत सिमेंटचे पत्रे लावलेले ‘माचिया’ही शहरात पुष्कळ आहेत, आणि छायाचित्रात ते अस्सलाहून चकचकीत दिसतात.

अस्सल घरांची संख्या वाढण्याची शक्यता मात्र नाही. १९५० च्या बांधकाम कायद्याने पायाला खांब जखडणे सक्तीचे केले आणि दाट वस्तीत उघड्या लाकडी दर्शनी भागांवर निर्बंध आणले. त्यामुळे जुन्या पद्धतीचे नवे माचिया मध्य शहरात उभे करणे जवळजवळ अशक्य झाले. शहराच्या लेखी माचियाची व्याख्याच १९५० किंवा त्याआधी बांधलेले घर अशी आहे. जमिनीच्या किमती भडकल्या, वारसा कर जड झाला, आणि मालक वारला की वारसांनी घर विकून टाकावे, तिथे इमारत किंवा वाहनतळ व्हावा, हे नेहमीचे झाले. २०१६ च्या पाहणीत सुमारे ४० हजार माचिया उरलेले आढळले आणि सातातले एक रिकामे होते. आधीच्या पाहणीशी ताडून पाहता वर्षाला ८०० च्या आसपास, म्हणजे दिवसाला दोन घरे पाडली जात होती.

विरोधही झाला. १९९२ मध्ये सुतार, वास्तुतज्ज्ञ आणि घरमालकांनी मिळून माचिया पुनरुज्जीवनासाठी अभ्यासगट स्थापन केला. २००५ मध्ये शहराने दुरुस्तीला मदत करणारा निधी उभारला, २००७ मध्ये मध्य शहरातल्या नव्या इमारतींची कमाल उंची ४५ मीटरवरून ३१ मीटरवर आणली. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१० च्या आपल्या धोक्यातल्या वारशाच्या यादीत क्योटोच्या माचिया घरांचा समावेश केला आणि कामान्झा आळीतले एक सामाईक घर दुरुस्त करायला हात दिला. २०१७ च्या नियमाने माचिया पाडण्यापूर्वी शहराला कळवावे अशी अपेक्षा ठेवली. निवडक घरांच्या बाबतीत मात्र वर्षभर आधी कळवणे सक्तीचे केले. नियमात मालकाला पूर्ण अडवण्याची ताकद नाही. एका वर्षात कोणी घेणारा, वापरणारा सापडतो का पाहायचे, एवढाच त्याचा आवाका.

सापडणारे बहुतेक हॉटेलवाले आणि कॅफेवाले असतात. २०१७ मध्ये निनेनझाका या चढणीवरच्या जुन्या घरात स्टारबक्सने तातामीवर बसून कॉफी पिण्याची सोय केली, तेव्हा बरीच कुरबुर झाली. रिकामे राहून कुजण्यापेक्षा हे बरेच, असे म्हणावे लागते. तरी माचियात राहायला घेतलेल्या खोलीत बहुधा बोळीवर लाकडी जमीन टाकलेली असते आणि चुलीची जागा स्नानगृहाने घेतलेली असते. घर कसे चालत होते ते तिथे कळणार नाही. त्यासाठी संग्रहालय किंवा प्रतिष्ठानाने राखलेलेच घर पाहायला हवे.

क्योटोबाहेरही दोन ठिकाणे चुकवू नयेत. नारा प्रांतातली इमाईचो ही तटबंदीची जुनी व्यापारी पेठ जवळजवळ अख्खी टिकली आहे; तिथले इमानिशी घर १६५० चे, म्हणजे क्योटोतल्या बहुतेक माचिया घरांहून दोनशे वर्षांनी जुने. दुसरे ठिकाण डोंगरातले ताकायामा. तिथे कुसाकाबे (१८७९) आणि योशिजिमा (१९०७) ही दोन घरे शेजारी शेजारी आहेत. दुसरे साके गाळणाऱ्या कुटुंबाचे. दोन्ही आगीनंतर पुन्हा बांधलेली आणि दोन्हींत मातीच्या अंगणावरचा तुळयांचा सांगाडा असा भव्य आहे की क्योटोचे नाजूक काम त्यापुढे फिके वाटावे. एदो काळात तिथल्या व्यापाऱ्यांवर घराच्या उंचीची आणि लाकडाची बंधने होती. ती उठताच सुतारांनी मनातली सगळी हौस या घरांवर फेडली.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. सुगिमोतो घर रोज उघडे नसते आणि इमाईचोमधल्या काही घरांना आधी कळवावे लागते, म्हणून दिवस ठरवण्यापूर्वी चौकशी करावी. खोल्यांत चढण्यापूर्वी जोडे बोळीतच काढायचे असतात आणि अनवाणी चालणे बरे दिसत नाही, तेव्हा स्वच्छ मोजे बरोबर हवेत. उंबऱ्यावर आणि तातामीच्या कापडी काठावर पाय देऊ नये, पाठीवरची पिशवी पुढे घ्यावी, मातीच्या भिंतीला टेकू नये. तिचा पापुद्रा नुसत्या घासण्यानेही सुटतो. जिने उभे आणि अरुंद असतात, गुडघे दुखणाऱ्यांनी खालचा मजला पाहून समाधान मानावे. छायाचित्रांची परवानगी घरोघरी वेगळी असते. पुष्कळ घरे दुपारी चार-पाचला बंद होतात, म्हणून सकाळीच जावे.